पाटावरचा बॉल

आमच्या लोकांना फुटबॉलचं वेड आहे, हे कौतुकानं सांगायचे माझे दिवस संपले. आता कुणी विचारलं तर मी म्हणते, आहे बाबा, आणि विषय बदलते.

आम्ही कोल्हापूरकडचे. सासरे अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले, त्यांच्यामागून भाऊबंद आले, मग भाऊबंदांचे मेव्हणे. जागा परवडेना तशी ही सगळी वरात बदलापूरला कात्रपमध्ये आणि तिथून खरवईपर्यंत पसरली. गाव सुटलं, पण तालीम काही सुटली नाही. तिकडं पेठेपेठेतल्या तालमींच्या फुटबॉलच्या टीमा असतात. इकडं आमच्या लोकांनी त्याच नावांच्या टीमा केल्या, त्यांचं एक मंडळ काढलं, आणि दर थंडीत खरवईच्या मैदानावर स्पर्धा भरवायला लागले. कुठला पोरगा कुठून खेळणार याची चर्चाच नसते. बाप ज्या तालमीचा, पोरगा त्या तालमीचा. मग त्या पोरानं ती तालीम फक्त मे महिन्याच्या सुट्टीत बाहेरून बघितलेली असली तरी चालतं.

आणि आम्ही बायका? आम्ही रस्सा करतो. शिवाय स्पर्धेच्या दिवशी सकाळी फायनलचा नवाकोरा बॉल पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहतो. तो बॉल दिवसभर मांडवात पाटावरच बसतो, त्याला कुणी हात लावायचा नाही. फायनलच्या आधी नारळ फुटतो, आया-बहिणी पोरांना ओवाळतात, मग अध्यक्ष पहिली किक मारतात. अध्यक्षांचा गुडघा कधीचाच गेलाय. बॉल कसाबसा गडगडतो, पण टाळ्या अशा पडतात की विचारू नका.

माझे मालक या मंडळाचे सेक्रेटरी. तरुणपणी तालमीकडून खेळलेले, डाव्या पायाचे. आम्हाला एकच मुलगी. ती चालायला लागली तसा हा माणूस तिला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घेऊन जायला लागला. "पायाचं बोट नको, आतली बाजू लाव." "बॉलकडं बघ, माझ्याकडं काय बघतीस?" माझ्या कानात ही वाक्यं अजून आहेत, कारण किचनची खिडकी पार्किंगवर उघडते आणि भाकऱ्या थापताना मला दुसरं काही ऐकायलाच मिळायचं नाही. पोरगी आता नववीत आहे, उल्हासनगरच्या तिच्या शाळेच्या टीममध्ये खेळते. शाळेच्या मॅचेस नेमक्या कामाच्या दिवशी, तेव्हा ह्यांची ड्युटी. त्यामुळं ज्यानं शिकवलं त्यानं तिला मॅचमध्ये खेळताना एकदाही बघितलं नव्हतं. तिचं एकच म्हणणं होतं, पप्पांनी मला एकदा खरी मॅच खेळताना बघायचं, आणि तालमीच्या जर्सीत बघायचं. बास. दुसरा हट्ट नाही.

यंदा मीटिंग आमच्याच हॉलमध्ये झाली. अध्यक्ष माझे पोहे खात म्हणाले, "या वर्षी मुलींनाबी घेऊया. प्रमुख पाहुण्या बाई आहेत, बरं दिसतंय." बरं दिसतंय! मी चहाचा ट्रे घेऊन उभी, तरी मनातून हरखलेच. आत पोरगी दाराला कान लावून बसलेली, ती तर पलंगावर उड्या मारायला लागली. मग अध्यक्ष पुढं म्हणाले, "तेवढं तालमीचं नाव नको लावायला. पोरी उद्या लग्न होऊन जाणार. कुठल्या तालमीच्या म्हणायच्या? उगीच वाद. एका टीमला गुलाब म्हणू, दुसरीला मोगरा."

"आणि पोरांच्या टीमांना काय, झेंडू आणि शेवंती?" मी म्हटलं.

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू पोह्यांत केस निघालाय. आतल्या उड्या थांबल्या होत्या.

टी-शर्ट आणायला आम्ही दोघं उल्हासनगरच्या मार्केटात गेलो. आमची पोरगी गुलाबच्या टीममध्ये, आणि मंडळानं त्यांना ठरवलेला रंग गुलाबी. सिंधी दुकानदारानं थप्पी काढली, मापं बघितली आणि मोठ्या आदरानं विचारलं, "क्या साईं, हळदीकुंकू का प्रोग्राम है?" मालक म्हणाले, "नहीं, फुटबॉल." तो बिचारा खरंच गोंधळला. त्याच्यावर मी कशाला चिडू, त्यानं बघितलं ते बोलला. घरी आल्यावर पोरीनं तो टी-शर्ट अंगाला लावून आरशात बघितलं आणि म्हणाली, "असू दे मम्मी. खेळताना कुठं रंग दिसतो?" एवढ्याशा वयात पोरीला इतकं समजूतदार व्हायला लागावं याची मला चीड येते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच मंडळातल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. कानाशी लागून म्हणाल्या, "वहिनी, पोरींतलं कुणी अडचणीत नाही ना? नाही, पूजेचा बॉल मांडवात आहे ना, म्हणून विचारायला सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

त्यांनी नुसती मान पुरुषांच्या खुर्च्यांकडं वळवली.

मी म्हटलं, "त्यांना विचारा, मैदानामागं झुडपात जाऊन आलेल्या किती जणांनी हात धुतले. तिकडचं उत्तर आणा, मग इकडचं देते." बाई तोंडाला पदर लावून निघून गेल्या. हसल्या की रागावल्या ते कळलं नाही. मला मात्र शिसारी आली होती. म्हाताऱ्या माणसांनी खुर्चीत बसून नातीच्या वयाच्या पोरींबद्दल ही चौकशी करायची, आणि निरोप्या म्हणून बाईलाच धाडायचं!

पोरींची मॅच लावली होती जेवणाच्या वेळेला. का, तर मैदान तेव्हा रिकामं असतं. प्रमुख पाहुण्या आल्या, गुलाब आणि मोगरा दोन्ही टीमांना जवळ घेऊन फोटो काढले, भाषण केलं, गाडीत बसून गेल्या. त्या गेल्या आणि सगळे पुरुष मांडवात पंगतीला बसले, मैदानाकडं पाठ करून. रस्सा ओरपल्याचे आवाज मला लाइनीजवळ ऐकू येत होते. पोरी धावत होत्या, पडत होत्या, गुडघे फोडून घेत होत्या, आणि बघायला आम्ही मूठभर बाया. माझी पोरगी दर थोड्या वेळानं मांडवाकडं बघायची. तिचे पप्पा वाढायला होते. हातात रश्श्याची बादली, "अजून घ्या, अजून घ्या." एकदाही वळून बघितलं नाही हो या माणसानं. आदल्या रात्री तिच्या बुटांच्या लेस स्वतः बांधून बघितल्या होत्या त्यानं.

मग पेनल्टी मिळाली. माझ्या पोरीला पाडलं होतं, चक्क पाडलं होतं, शिट्टीसुद्धा वाजली. तिनं बॉल ठेवला, मागं सरली. आणि मंडळातला एक जण सरळ मैदानात येऊन बॉल उचलून काखेत मारून चालायला लागला. "चला, चला, झालं तुमचं. पोरांना वॉर्मअपला पाहिजे. तोंडं धुवा आणि ताटं घ्या, ओवाळायला यायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आधी माझी पोरगी पेनल्टीच्या जागेवर मांडी घालून खाली बसली. तिचं बघून दुसरी बसली. मग मोगऱ्याच्या पोरीसुद्धा बसल्या. त्यांची गोलकीपर तर गोलमध्येच खांबाला टेकून बसली.

आता मात्र पुरुषांची तोंडं मैदानाकडं वळली. "काय नाटक आहे हे?" "उठवा की त्यांना!" "सेक्रेटरी, तुमचीच आहे ना ती पुढची?" मालक बादली ठेवून, हात पुसत धावत गेले. मीही मागोमाग. ते तिच्यावर वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "ऊठ. लोक बघायलेत."

"बघू देत की, पप्पा," ती म्हणाली. "मघाशी कुणी बघतच नव्हतं."

मी तिथून वळले आणि मांडवात गेले. पाटावर तो बॉल बसलेला, हळदकुंकवानं माखलेला, अंगावर झेंडूची माळ. माळ काढली, पाटावर ठेवली, बॉल उचलला. मागनं कुणीतरी "वहिनी! अहो वहिनी!" करत होतं. सकाळी त्याला हळदकुंकू मीच लावलं होतं. पूजा करायला माझा हात चालतो, मग उचलायला का चालत नाही? मी बॉल नेऊन पोरीच्या पुढ्यात ठेवला. "मार," म्हटलं.

ती उठली. मागं सरली, धावत आली, आणि त्याच क्षणी तिच्या बापाच्या तोंडून निघून गेलं, "डाव्यानं! कोपऱ्यात!" पार्किंगमधला आवाज, तसाच्या तसा. तिनं डाव्यानंच मारला, कोपऱ्यातच. आणि मोगऱ्याची ती गोलकीपर, हडकुळी पोर, आडवी झेप घेऊन पडली आणि तिनं तो अडवला. तिच्या हातांना, गालाला कुंकू लागलं. आम्ही बाया किंचाळलो. माझी पोरगी गोल हुकल्याचं विसरून तिला उठवायला पळाली आणि मग बापाकडं बघून इतकी हसली, की मला वाटलं, चला, आजचा सगळा घाणेरडा दिवस वसूल झाला.

कसलं काय. बॉल मांडवात परत गेला. अध्यक्षांनी पूजेच्या सामानातली गोमूत्राची बाटली काढली. स्वतः उठले नाहीत, गुडघा ना! बाटली मालकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, तुमच्याच घरातलं आहे. तुम्हीच निस्तरा."

मी म्हटलं, "अहो, ठेवा ती खाली." त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खुर्च्यांकडं. मग बाटलीचं बूच काढलं आणि त्या बॉलवर शिंपडलं. नीट, चारी बाजूंनी, कुठं राहायला नको म्हणून बॉल फिरवून फिरवून. पोरी लाइनीवर उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसत होतं.

मग नारळ फुटला, किक झाली, टाळ्या झाल्या. आमच्या तालमीचे वीर तोच गोमूत्राचा बॉल डोक्यानं मारत राहिले आणि शेवटी कप घेऊन नाचले. गुलालात मालकही होते. आम्ही मायलेकी रिक्षानं घरी आलो. त्यांचं ताट मी झाकूनसुद्धा ठेवलं नाही.

आठवडाभर पोरगी शाळेत गेली, आली, जेवली. बापाशी भांडली नाही की रडली नाही. विचारलं तेवढं उत्तर द्यायची. पुढच्या रविवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा खिडकीखालून हाक आली. हे पार्किंगमध्ये उभे, घरातला तिचा बॉल पायाखाली घेऊन. "ये गं खाली. आज लांबनं मारायला शिकवतो."

ती गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी खिडकीशी आले. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली होती, पुढं जात नव्हती. ह्यांनी बॉल हलकेच तिच्याकडं ढकलला. तो तिच्या पायाशी येऊन थांबला, तरी तिनं पाय लावला नाही.

"आधी शिंपडून घ्या, पप्पा," ती म्हणाली. "काल रात्री मी हात लावला होता त्याला."