जोडीची हजेरी

आम्ही सोलापुरात आलो ते दुष्काळाच्या साली, सांगोल्याकडून. यजमानांना लाकूड कापण्याच्या गिरणीत काम मिळालं. तिला सगळे वखारच म्हणायचे. काम दोघांना मिळून होतं, कारण तिथली पद्धतच तशी होती. पुरुषानं करवतीवर ओंडका सरकवायचा आणि त्याच्या घरच्या बाईनं करवतीखालच्या खड्ड्यात उतरून भुसा टोपलीनं बाहेर काढायचा, फळ्यांची थप्पी लावायची. याला जोडी म्हणत. जोडीची हजेरी एकच. मुकादम वहीत पुरुषाचं नाव लिहायचा, बाईचं लिहायचा नाही. शनिवारी पगार पुरुषाच्या हातात पडायचा. बाई आली नाही तर मात्र अर्धीच हजेरी लागायची. म्हणजे आम्ही नसलो तरच तिथं कुणाला कळायचं की आम्ही असतो.

सागाच्या भुशाला वास चांगला असतो. बाभळीचा नाकात बसतो, दोन दिवस जात नाही. तोंडाला पदर बांधून आम्ही खड्ड्यात उतरायचो. मला ते काम बरं वाटायचं, कारण करवत चालू असली की कुणी कुणाशी बोलत नसे. मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणी चौथीत मास्तरांनी विचारलेलं उत्तर येत असूनही मी उभी राहायची आणि गप्प राहायची.

आम्ही कामगारांच्या खोल्यांच्या ओळीत राहायचो, समोरच्या खोलीत अक्का राहायची. मैंदर्गीकडची, घरात कानडी बोलणारी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिची जोडी दिराबरोबर होती. शनिवारी दीर तिला मनाला येईल ते द्यायचा, कधी पैसे न देता नुसती ज्वारी मापून द्यायचा, आणि मापताना हात आखडायचा. तिनं मला टोपली भरायला शिकवलं, कमरेत न वाकता कशी उचलायची ते शिकवलं. मला ती ‘तंगेव्वा’ म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

आणीबाणी उठली आणि वखारीत युनियन आली. मागण्या गेल्या, दोन दिवस करवत बंद राहिली, मग शेठ करार करायला तयार झाले. प्रत्येक कामगाराला स्वतःचं कार्ड मिळणार, असं युनियनचे सेक्रेटरी फाटकावरच्या सभेत बोलले. अक्कानं ते शब्द घट्ट धरून ठेवले.

“कार्ड झालं की पगार माज्या हातात,” ती मला म्हणाली. “मग त्याच्या दारात मापट्यासाठी हुबं ऱ्हायला नको. तू वाचतीस. कागद आला की आमा बायकांचं कुटं लिवलंय तेवढं मला सांग.”

मी मान हलवली.

कागद एका रविवारी सकाळी आला. उद्या सह्या आहेत, आज सगळ्यांना वाचून दाखवा, असं सेक्रेटरींनी सांगितलं होतं. आमच्या ओळीतल्या पुरुषांना सही करण्यापुरतंच येत होतं. यजमान अभिमानानं म्हणाले, “आमच्यात वाचणारी हाय.” पंधरावीस जण अंगणात बसले, बायका आपापल्या दारांत. मी उंबऱ्याच्या आत, चौकटीला पाठ लावून बसले आणि कागद उजेडाकडे धरला.

“वहिनी, मोठ्यानं! हितं करवत चालू न्हाय, आवाज येऊ द्या की.”

“अरं, तिचा आवाज लगीन झाल्यापास्नं मीच दोनदा ऐकलाय,” यजमान म्हणाले. सगळे हसले.

मी वाचू लागले. रोजात वाढ. वर्षाला भरपगारी रजा. दिवाळीला बोनस. दोन जोड कपडे. करवतीत बोट गेलं तर भरपाई, आणि हात बरा होईपर्यंत अर्धा पगार. ज्याची दोन बोटं आधीच गेली होती त्यानं पंजा वर धरला.

“वहिनी, ह्या दोनाचं मागचं काय देत्यात का बगा.”

“ती मांजरानं न्हेली लेका, आता कशाची भरपाई!”

धुळीचं काम म्हणून महिन्याला प्रत्येकी एक किलो गूळ, असं पुढं होतं.

“गूळ? शेठ देणार?”

“देणार की. आदी मुंगळे मोजून घेणार, मग देणार.”

मला वाचायला बरं वाटत होतं. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांवर माणसं हसत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मग ते कलम आलं. हा करार सोबतच्या यादीतील कामगारांनाच लागू राहील आणि याआधी चालत आलेल्या सर्व प्रथा बंद समजण्यात येतील. मी पान उलटून यादी पाहिली, वरून खाली बोट फिरवलं. सगळी पुरुषांची नावं होती. जोडी ही प्रथाच होती, हे कळायला चौथीसुद्धा लागत नव्हती.

अक्का समोर तिच्या दारात सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. तिचा हात थांबला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

“का गं थांबलीस?” यजमान म्हणाले.

वाचलं असतं तर बायका ओरडल्या असत्या, तिथंच भांडण झालं असतं आणि त्या भांडणाच्या मधोमध सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मला तेवढंच दिसलं.

“अक्षर पुसट हाय,” मी म्हणाले आणि पुढचं कलम वाचलं.

अक्षर स्वच्छ होतं.

दिवेलागणीला भाकरी वाढताना मी यजमानांना सांगितलं. “त्यात बायकांची नावं न्हाईत. आन जोडी बंद लिवलीया.”

ते जेवत राहिले. घास मोडता मोडता म्हणाले, “ठाव हाय.”

“ठाव हाय?”

“सेक्रेटरीनं बोलून दाखवलंय आमाला. बायकांचं घातलं असतं तर शेठनं सगळाच करार फाडला असता. आदी पुरुषांचं तर हुंदे. पुढच्या खेपंला बायकांचं बगू.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू कुणाला बोलू नगंस.”

मला न बोलायला सांगणारे ते पहिलेच. आजवर त्याची कुणाला गरज पडली नव्हती. उद्या सह्या होत्या. अजून एक सकाळ हातात होती.

सकाळी नळावर अक्कानं मला गाठलं. “आमचं काय गं?”

तिचा हंडा भरत होता. मी त्या धारेकडे बघून म्हणाले, “सगळ्या कामगारांना, असं लिवलंय.”

“मग झालं तर!” ती म्हणाली आणि मी तिला हंडा उचलून देताना तिनं माझा गाल कुरवाळला.

सह्या झाल्या. गुलाल उधळला. दिरानं आणलेला पेढा अक्कानं अर्धा मोडून माझ्या तोंडात घातला. मी तो गिळला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मुकादम फाटकात उभा होता. पुरुष एकेक करून कार्ड दाखवून आत गेले. आमच्यापुढे त्यानं काठी आडवी धरली.

“बायांनो, हितंच थांबा. जोडी बंद झाली.”

“बंद म्हंजे? काल तर चालू हुती.”

“काल जुनं हुतं. आता एका माणसाला एक कार्ड. तुमचं कार्ड न्हाय.”

“आन खड्डा कोण उपसणार, तुजी आय?”

“ठेकेदाराचे गडी येणार हाईत. करारात हाय सगळं. जावा, इचारा तुमच्या नवऱ्यांना. त्यांच्याच सह्या हाईत.”

अक्कानं काठीवरून हात घालून दिराला हाक मारली. “भावजी! ह्यावर तुमी सही केलासा?”

दीर आतल्या बाजूला उभा होता. “समद्यांनीच केली,” तो म्हणाला आणि शेडकडे चालू लागला. माझे यजमान त्याच्या आधीच आत गेले होते.

मग ती माझ्याकडे वळली. “तंगेव्वा, तू वाचली हुतीस न्हवं? त्यात असं हुतं?”

मी रिकाम्या टोपलीकडे बघत राहिले. तिला जे कळायचं ते त्यातून कळलं.

आम्ही अकरा बायका होतो. त्या मला शिव्या देतील असं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “अर्ज लिही.” मी लिहिला. इतकी वर्षं काम केलं, रोज केलं, असं जितकं येईल तितकं नीट लिहिलं आणि खाली अंगठे घेतले. युनियनच्या ऑफिसात सेक्रेटरींनी आम्हाला बसवलं, चहा मागवला.

“अर्ज चांगला लिहिलाय ताई,” ते म्हणाले. “पण तुम्ही कामाला होता याचा पुरावा काय? मस्टरवर तुमच्यातल्या एकीचंही नाव नाही. पुढचा करार तीन वर्षांनी. तेव्हा बघू.”

“तवर काय भुसा खावा का आमी?” एकीनं विचारलं. त्यांनी अर्जाची नीट घडी घालून तो फायलीत ठेवला. माणूस वाईट नव्हता.

यजमानांचा रोज वाढला आणि माझा बुडाला, त्यामुळं घरात आधी यायचं त्याहून थोडं कमीच येऊ लागलं. मी विड्या वळायला शिकले. अक्काची बोटं टोपलीनं जाड झाली होती, तिला पान कापायलाच जमेना. दिरानं ज्वारी देणं बंद केलं. आता तू कशाच्या बदल्यात मागतीस, असं म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं.

एके दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. उद्या मैंदर्गीला भावाकडे चाललीय, म्हणाली. भाऊ ठेवून घेईल की नाही तिला माहीत नव्हतं. कुणाकडून तरी तिनं तो कागद मागून आणला होता.

“वाच,” ती म्हणाली. “सगळं वाच.”

मी तिच्यासमोर बसून पहिल्यापासून वाचलं. रोज, रजा, बोनस, कपडे, बोट, गूळ. मग ते कलम वाचलं, नंतर यादीतलं एकेक नाव. मधे कुठं थांबले नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“संपलं?”

“संपलं.”

“चांगलं वाचतीस तू,” ती म्हणाली. त्यात टोमणा होता का, ते मी तिच्या आवाजात खूप शोधलं, पण सापडला नाही. तिनं कागदाची घडी घातली, पदर सावरला आणि उठली.

ती परत आली नाही. तिचं काय झालं ते मी दिराला कधी विचारलं नाही.

तीन वर्षांनी दुसरा करार झाला. त्यात गूळ दीड किलो केला. बायकांचं त्यात काही नव्हतं, कारण वखारीत तोवर एकही बाई उरली नव्हती.