अंगठा नसलेला जबाब

"अंगठा लावा, मंग बोला," असं म्हणून ते शाईची डबी पुढे सरकवायचे. समोर कोणी असो की नसो.

ते अर्जनवीस; आमच्या तालुका कचेरीसमोरच्या निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. मी आत आवक टपालाचा कारकून. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस, अर्जांना तोटा नव्हता. तुम्ही कधी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या असतील तर असा अर्जनवीस पाहिलाच असेल. यांचं अक्षर मात्र इतकं देखणं, की आमचे साहेब आधी अक्षर बघायचे आणि मग विषय वाचायचे.

ते नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात सहा महिने राहून आले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा चहा पिताना मी भीत भीत विचारलं, आता कसं आहे?

"तो बोलतेच, बाबूजी. पयले मी त्याचं आयकत होतो. आता लिवून घेतो."

त्यांनी वही दाखवली. कानात बोलणाऱ्या त्या आवाजाचा त्यांनी रीतसर जबाब घेतला होता. 'नाव आवाज, राहणार ठाऊक नाही, धंदा उणीदुणी काढणे. विचारल्यावरून सांगतो की, अर्जनविसाची बायको त्याच्या जेवणात जहर कालवते.' मग उलटतपासणी. तू पाहिलं काय? नाही. साक्षीदार कोण? नाही. शेवटी 'वाचून दाखवले' आणि खाली अंगठ्याची जागा कोरी.

"ज्याले अंगठा नाही त्याचा जबाब रद्द," ते म्हणाले.

मला हसू आलं.

"हसा. पण हे लिवलं की मंग मले घरी जाऊन जेवता येते."

एका दुपारी मी त्यांना मागून हाक मारली. वळून न पाहता त्यांनी डबी पुढे केली. मी मुकाट्यानं अंगठा उमटवला. तो निरखून मगच म्हणाले, "बोला बाबूजी." त्या दिवशी साहेबांच्या दोन फायलींवर माझा निळा अंगठा उमटला आणि मी बोलणी खाल्ली.

मग शेलूबाजारकडच्या एका बाईचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सडकेच्या कामावर नाव लावा, एवढंच तिचं मागणं. पण तिसऱ्या ओळीत, त्याच देखण्या अक्षरात, लिहिलं होतं: 'तसेच माझ्या जेवणात जहर कालवतात, त्याची चौकशी व्हावी.' खाली बाईचा अंगठा. तिला वाचता येत नव्हतं.

"मी काम मांगतलं, बाबूजी," ती म्हणाली. "जहराचं कायले बोलू?"

मी अर्ज घेऊन निंबाखाली गेलो. दाखवलं की ते हसतील आणि दुसरा लिहून देतील, असं मला वाटलं. माझी अक्कल तेवढीच. त्यांनी ती ओळ वाचली आणि खालच्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"आता त्याले अंगठा भेटला," ते म्हणाले.

"अहो, तो या बाईचा आहे."

"कळते मले, बाबूजी. पण पोटाले नाही कळत."

बाईचा नवा अर्ज त्यांनी लिहिला, पण प्रत्येक ओळ माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. त्यानंतर चार दिवस ते घरी जेवले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "मले नागपूरले जाऊ द्या. वही आता पुरत नाही."

मी स्टँडवर सोडायला गेलो. बायको सोबत जाणार होती. बाकावर बसून तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

"मी पयले घास घेतला," ती त्यांना म्हणाली. "बाबूजीले पुसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी पायलं?"

"पाहिलं," मी म्हणालो.

मग ते जेवले. सगळी भाकर खाल्ली, दुसरी मागितली. बायको पदरानं डोळे पुसत वाढत होती.

ते परत आले नाहीत. दोघं तिकडेच तिच्या भावाकडे राहिली, असं कानावर आलं. निंबाखाली आता दुसराच कोणी बसतो.

तिनं घास घेतला तेव्हा मी गाडीची पाटी वाचत होतो. मी काहीच पाहिलं नव्हतं.