त्या मंगळवारी मी वगळलेलं नाव

या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात म्हणते, याला आधी पुरेशी झोप घ्यायला सांगा. माझा असल्या कशावरही विश्वास नव्हता. कात्रजच्या बाजूला एका डेअरीच्या लॅबमध्ये मी चोवीस वर्षं दूध तपासते आहे. दुधात पाणी आहे की नाही हे दुधाचा रंग बघून सांगायचं नसतं, रीडिंग बघून सांगायचं असतं. तेव्हा घडलं तेवढंच लिहिते. सजवून लिहिणं मला जमतही नाही.

आम्ही ख्रिस्ती. वडगाव शेरीत राहतो... मी, माझे मिस्टर सुहास, सासूबाई आणि मुलगी शेरॉन. मुलगा जोएल बंगळूरला नोकरीला आहे. आमच्या घरात सासूबाईंचा एकच कडक नियम — सकाळी पावणेसातला कौटुंबिक प्रार्थना, आणि ती झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. परीक्षा असो, पाहुणे असोत, कुणाला ताप असो. चहासुद्धा नंतर. सुहास एक गीत सुरू करतात, शेरॉन शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला भाग वाचते, मग मी वहीतली नावं वाचते आणि शेवटी सासूबाई समारोप करतात. जोएल फोनवर असतो. फोन स्पीकरवर टाकून पाण्याच्या जगला टेकवून ठेवायचा. बाहेरच्यांना हे फार भक्तीचं वाटतं. रोज करणाऱ्याला ते दात घासण्यासारखं असतं. केलं म्हणून कुणी कौतुक करत नाही, नाही केलं तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

वही म्हणजे साधी दोनशे पानी. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं लग्न, कुणाची नोकरी. गरज भागली की सासूबाई पट्टी लावून रेघ मारतात. माणूस गेला तरी रेघ. आमच्या पंथात गेलेल्यांसाठी काही मागत नाहीत. मागायचं ते जिवंत माणसासाठी, आणि नाव मोठ्याने घेऊन. त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. माझे तेवढे उघडे, कारण वाचायचं असतं.

अकरा वर्षांत रेघ न पडलेलं एक नाव त्या वहीत होतं. दीपक, माझा धाकटा दीर. वही भरली की नव्या वहीत आधी ते उतरायचं. पुढची ओळ सासूबाईंनी सांगितलेली — "दीपकला घरी आण."

मी लग्न होऊन आले तेव्हा दीपक नववीत होता. माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचा आणि वर म्हणायचा, "वहिनी, तुमची पद्धत लांबची आहे." सासरे आजारी पडले तेव्हा त्यानेच त्यांची सगळी सेवा केली. चर्चमधल्या लोकांनी उपास-प्रार्थना केल्या, दीपकनेही केल्या. सासरे गेलेच. कबरस्थानात शेवटी आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण देवाचे आभार मानू या." दीपक मोठ्याने म्हणाला, "कशाचे?" आणि फाटकातून बाहेर पडला. पुन्हा घरी आला नाही. खराडीतल्या एका आयटी पार्कमध्ये मेंटेनन्सला लागला, तिथेच खोली घेऊन राहिला. लग्न केलं नाही. सुहास दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा चहा पाजून त्याने त्यांना परत पाठवलं. सासूबाईंचा फोन उचलायचा नाही. वडगाव शेरी ते खराडी सकाळी लवकर निघालं तर स्कूटरवर दहा मिनिटं. अकरा वर्षं... दहा मिनिटांच्या अंतरावर.

मागच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, मी टीव्हीचा रिमोट घ्यायला बुधवार पेठेत गेले होते. शेजारच्या दुकानात कसलासा पार्ट हातात धरून दुकानदाराशी हुज्जत घालणारा माणूस — दीपक. मीच हाक मारली.

"वहिनी! तुम्ही इकडे?"

"रिमोटला आले. तुझ्या भावाने त्यावर बसून मोडला."

हसला. मीच म्हटलं, "आईंना शहात्तर पूर्ण झाली. एकदा येऊन जा. कुणी काही बोलणार नाही तुला."

"वहिनी, तुम्ही अजून रोज वाचता का माझं नाव?"

"वाचते की. यादीत आहे."

"नका वाचू." चिडून नाही, दमून म्हणाला. "सकाळी शिफ्टला निघताना घड्याळ बघतो आणि वाटतं, आत्ता तिकडे माझं नाव चाललं असेल. मग दिवस खराब जातो. काढून टाका ते."

मला राग आला. त्या बाईने अकरा वर्षं याच्यासाठी सकाळ चुकवली नाही आणि याचा दिवस खराब जातो! मी म्हटलं, "बरं. काढते."

आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. उगाच सासूबाईंची आशा वाढेल किंवा मोडेल. दोन्ही नको होतं.

रविवारी, सोमवारी मी सवयीने नाव वाचलं. मंगळवारी उशीर झाला होता, लॅबमध्ये तपासणीला वरचे लोक यायचे होते. वहीतल्या डाव्या पानाच्या तळाशी आले. शेवटची ओळ दीपकची. मी त्यावर अंगठा ठेवला. मनात म्हटलं, त्याला नको आहे ना, मग राहू दे. आणि पान उलटून पुढचं नाव वाचलं. मध्ये श्वास घ्यायलाही थांबले नाही. सासूबाईंनी ओळखलं का म्हणून एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. सुहास, शेरॉन, तसेच. कुणी काही बोललं नाही. हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमेन झाल्यावर मी पर्स उचलली. शेरॉन म्हणाली, "मम्मी, आज काकाचं वेगळंच म्हणालीस."

मला वाटलं, पकडली गेले आणि ही टोमणा मारतेय. म्हटलं, "टोमणे संध्याकाळी मार. मला उशीर होतोय."

"अगं टोमणा कसला..." ती काहीतरी म्हणत होती. मी जिना उतरले होते.

साडेनऊला सुहासचा फोन आला. दीपक गेला. घरमालकिणीने साडेसहाला त्याला नळावर पाणी भरताना बघितलं होतं. आठला शिफ्टमधला माणूस बोलवायला आला तर दार नुसतं लोटलेलं. हा कॉटशेजारी जमिनीवर, टेकून बसल्यासारखा. एका पायात बूट. डॉक्टर म्हणाले, हार्ट. साडेसहा आणि आठच्या मध्ये कधीतरी.

मी स्कूटरची किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला, तेव्हा मोबाईलवर जोएलचा मेसेज दिसला. सात वाजून दोन मिनिटांनी आलेला. "मम्मी, दीपककाका बरा आहे ना? आज तू असं का म्हणालीस — दीपकजवळ जाऊन बस, तो एकटा आहे?"

मी तो तीन वेळा वाचला. अजून ठेवलाय.

त्या संध्याकाळी, घरात माणसांची ये-जा चालू असताना, मी शेरॉनला स्वयंपाकघरात ओढून विचारलं. तेच शब्द. "प्रभू, दीपकजवळ जाऊन बस. तो एकटा आहे." सुहासना वेगळं विचारलं. तेच. म्हणाले, "तू बोलता बोलता थांबलीस, मग फार सावकाश म्हणालीस. मला वाटलं रडतेयस." मी रडत नव्हते. मी घड्याळ बघत होते.

दफनविधीबद्दल चर्चमध्ये थोडी कुजबुज झाली, अकरा वर्षं मंडळीत पाऊल न टाकलेला माणूस म्हणून. पाळकसाहेबांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला, "तो आमचाच आहे." सासऱ्यांच्या शेजारची जागा मिळाली. सासूबाई रडल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "लेकरू एकटं नव्हतं हो. सुनेच्या तोंडून त्या वेळी प्रार्थना झाली." आणि माझा हात धरून ठेवायच्या. तो हात मला काढून घेता येईना.

पुढचे दोन आठवडे विचारू नका. महिला मंडळातल्या बायका घरी येऊन बसायला लागल्या. "ताई, नातवाच्या व्हिसासाठी तेवढं तुम्ही नाव घ्या, तुमचं ऐकतो." मी म्हटलं, "माझं घरातला नळ ऐकत नाही." त्यांना तीही नम्रता वाटली! आणि मी? अकरा वर्षांत फक्त एक दिवस मी त्याला वगळलं, आणि तो त्याच दिवशी एक बूट घालून जमिनीवर बसलेला... रोज दूध तपासताना हेच समोर.

मग सासूबाई म्हणाल्या, "येत्या रविवारी मी मंडळीत साक्ष देणार आहे. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय." साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. त्यात एक शब्द खोटा चालत नाही. घरी मी गप्प बसू शकले असते. पण आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या बाईला मी सगळ्या चर्चसमोर खोटी साक्ष द्यायला उभी करणार होते.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होते. त्या पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. मी इस्त्री न थांबवता सांगून टाकलं. थांबवली असती तर सांगता आलं नसतं.

"आई, त्या दिवशी मी दीपकचं नाव घेतलं नाही. मुद्दाम वगळलं. तुम्ही सगळ्यांनी काय ऐकलं ते मला माहीत नाही. मी बोलले नाही." मग बुधवार पेठेतलंही सांगितलं. सगळं. माझं "बरं, काढते"सुद्धा.

शेंगांचा आवाज थांबला.

"कसा दिसत होता?"

मला वाटलं होतं त्या ओरडतील. याची तयारी नव्हती. "बारीक झाला होता. केस पिकलेत कानाशी."

"शर्ट?"

"निळा. इस्त्रीचा."

"स्वतः करत असेल," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून त्याला दुसऱ्याची इस्त्री आवडायची नाही." मग हातातली शेंग खाली ठेवली. "तीन दिवस तुझ्याकडे होतं हे. मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"सांगितलं असतंस तर मी रिक्षा करून गेले असते. त्याने दार लावून घेतलं असतं तरी बाहेर उभी राहिले असते."

पहिल्यांदा मला रडू आलं, आणि ते साडीवर पडू नये म्हणून मी साडी बाजूला सरकवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आवाज तुझाच होता. पण मला तेव्हाच वाटलं होतं... तू एवढं सावकाश कधी बोलतेस?"

"मग कोण बोललं, आई?"

"मला काय विचारतेस? डोळे तुझे उघडे होते."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्या उभ्या राहिल्या तेव्हा मी मान खाली घातली. म्हटलं, आता जे म्हणतील ते. सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं तरी चूक माझीच होती. चर्च भरलेलं होतं, मागे माणसं भिंतीला टेकून उभी होती. सासूबाईंनी समोरच्या बाकाला धरलं.

"माझा धाकटा मुलगा गेला," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी त्याला घरी आण म्हणून मागितलं. तो आला नाही. ते मला मिळालं नाही. तो गेला त्या सकाळी आमच्या घरात त्याच्यासाठी प्रार्थना झाली. आमच्यापैकी कोणी केली नाही." बाकावरचा हात काढला. "एवढंच."

आणि खाली बसल्या. पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी माझा हात धरला नाही. साडीचा पदर मात्र माझ्या गुडघ्यावर पडला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत उचलला नाही.

शेरॉन म्हणते, माझ्याच तोंडून नकळत गेलं असेल, मेंदू असं करतो. जोएल म्हणतो, आपण सगळ्यांनी तेच ऐकलं कारण तेच ऐकायचं होतं. पण काकाला काही झालंय हे सात वाजता बंगळूरमध्ये बसून कुणाला माहीत होतं? पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "ताई, मला सगळं समजत असतं तर मी पाळक झालो नसतो." मी चोवीस वर्षं रीडिंग घेते आहे. याचं रीडिंग मला घेता येत नाही.

दीपकच्या नावावर रेघ मारायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी पट्टी आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी मारली. हात स्थिर होता, तरी रेघ जराशी वाकडी आली. मी ते नाव घेतलं नव्हतं, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. आणि त्याऐवजी दुसरं काहीही खात्रीचं असतं तरी मला चाललं असतं.