तीन चमचे साखर

“हायपोग्लायसेमिया झाला होता. उपचाराला उशीर झाला. मेंदूला इजा झाली आहे,” डॉक्टर म्हणाले.

हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणं. आम्ही इतकी वर्षं साखर वाढायलाच भीत होतो. ती उतरूनही माणूस हातचा जातो, हे मला तेव्हा कळलं.

माझे यजमान एसटीवर ड्रायव्हर. मालेगाव-वाशीम रस्ता त्यांच्या अंगात भिनलेला. मधुमेहामुळे पायाची जखम भरेना म्हणून वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं. सकाळी सिस्टरने इन्सुलिन टोचलं. मग निरोप आला, पोटाची सोनोग्राफी आहे, उपाशी ठेवा. इन्सुलिन दिलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. रांग काही सरकेना. दुपार झाली.

बाकावर बसल्याबसल्या त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. मलाच विचारू लागले, “बाई, तुमी कोन?”

मी वॉर्डात धावले. “सिस्टर, ह्यायले पाहा ना! घामानं भिजले, काहीच्या काही बोलून राह्यले.”

वॉर्डबॉय मामा हसले. “पेऊन आले काय?”

“थेंबाले शिवले नाहीत कधी!”

सिस्टर पोरसवदा होती. “मॅडम, डॉक्टरांले विचारल्याबगर मी काही देऊ शकत नाही. फोन लावून राह्यली, ते उचलत नाहीत.”

साखर तपासायचं मशीन तिच्या टेबलावरच होतं. तिनं ते हातात घेतलं नाही. फोन लावत राहिली. ह्यांना झटके आले, शुद्ध गेली. डॉक्टर धावत आले तेव्हा कुठे शिरेतून ग्लुकोज गेलं.

ते वाचले. पण आता चालताना तोल जातो. स्टिअरिंग सुटलं. घरातून निघाले की आमच्या मालेगावचा स्टँड सापडत नाही.

मी तक्रार केली. भरपाई नको, माणसं शिकवा म्हटलं. बऱ्याच चकरांनंतर दवाखान्याने प्रशिक्षण ठेवलं. मीही जाऊन मागे बसले.

बाहेरून आलेल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “घाम, थरथर, बरळणं दिसलं की आधी साखर तपासा. सत्तरच्या खाली असेल आणि पेशंट नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, शिरेतून ग्लुकोज द्या. डॉक्टरची वाट पाहू नका.”

एवढंच होतं. तासाभरात संपलं.

तीच सिस्टर उठून डॉक्टरीण बाईंना म्हणाली, “मॅडम, आम्हाले हे कोणी सांगतलंच नव्हतं. विचारल्याबगर हात लावला तर रागावतात, एवढंच माहीत होतं.” आणि रडू लागली. मला तिला शिव्या द्यायच्या होत्या. देता आल्या नाहीत.

तुमच्या घरी इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर उपाशी ठेवायच्या आधी स्पष्ट विचारा. घाम फुटला तर ओरडून साखर तपासायला लावा. लाजू नका.

मागे ह्यांना दाखवायला त्याच दवाखान्यात गेले होते. अनसिंग गावच्या एक आजी खाटेवर बरळू लागल्या. त्या सिस्टरने कोणाला विचारलं नाही. साखर तपासली, साखरपाणी पाजलं, हात धरून बसली. थोड्या वेळाने आजींनी सुनेला नावाने हाक मारली.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. पण शेजारी बसलेले हे मला विचारत होते, “आपन इथं कायले आलो?” आणि मला त्या सुनेचा हेवा वाटत होता.