दुष्काळात उभी केलेली डोलकाठी

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची मलाच खात्री नाही. मेकॅनिक्समध्ये डॉक्टरेट केलेल्या माणसाची स्मरणशक्ती चांगली असते असा लोकांचा समज आहे. माझ्या बायकोचा नाही. त्यात कांबळ्यांच्या बोटीचे किस्से चहाबरोबर इतक्यांदा सांगून झालेत, की घडलेलं कुठलं आणि सांगता सांगता वाढलेलं कुठलं, हे वेगळं काढणं अवघड झालंय. त्यातल्या त्यात खरं वाटतं तेवढं लिहितो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला होता. बाकी सगळं कोरडं. अशा वर्षी आमच्या तंत्रनिकेतनातल्या वर्कशॉपचे प्रमुख कांबळे यांनी घरासमोर शिडाची बोट बांधायला घेतली.

कांबळे मूळचे अहमदपूरचे, नौदलातून पेन्शन घेऊन आलेले. लग्नात त्यांनी सुशीलावहिनींना शब्द दिला होता, की एकदा तुला शिडाच्या बोटीतून फिरवून आणीन. नोकरीची सगळी वर्षं ते समुद्रावर आणि वहिनी अहमदपुरात. आता गुडघे कुरकुरायला लागले होते.

"सर, यंदा नाही जमलं तर मग जमत नाही," ते म्हणायचे.

"पण पाणी?"

"पाणी येईल हो. बोट तयार पाहिजे."

*

बोटीचा सांगाडा झाला. आत दोघांना झोपण्यापुरती केबिन, आणि आत उतरायला वरून झाकण. एका सकाळी पाण्याचा टँकर गल्लीत आला. ड्रायव्हरला वाटलं, नव्या जिल्ह्याची नवी टाकी! त्यानं झाकणातून पाइप आत सोडला आणि टँकर मोकळा करून निघून गेला.

गल्ली घागरी घेऊन धावली. मला वाटलं, आता फळ्या उकलणार. कांबळे मात्र वाकून वाकून बोटीभोवती एक चक्कर मारून आले.

"थेंब गळत नाही, सर. आतलं पाणी बाहेर येत नाही, म्हणजे बाहेरचं आत जात नाही."

पुढचा टँकर येईपर्यंत गल्ली बोटीतूनच पाणी भरत होती.

*

डोलकाठीचं गणित माझ्याकडे होतं. नव्या कलेक्टर कचेरीतले एक बाबू ती बघायला आले. त्यांना वाटत होतं, काठी खाली खोल रोवलेली असणार.

"रोवलेली नाही," मी सांगितलं. "नुसती टेकवलेली आहे. शेंड्यापासून एक तार पुढे नाकाला, एक मागे शेपटीला आणि दोन्ही कडांना एकेक. चौघी आपापल्या बाजूला ओढतात, त्यामुळे काठी खाली दाबली जाते आणि सरळ राहते."

बाबूंच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा कांबळे मधे पडले. "तुमच्या साहेबांसारखं. अहमदपूर इकडं ओढतंय, उदगीर तिकडं. म्हणून साहेब ताठ. एक बाजू सुटली की साहेब आडवे."

बाबू हसले नाहीत. मान तिरकी करून काठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उदगीरची तार जरा जास्त ताणलीय."

खरंच ताणली होती. कांबळ्यांनी पाना घेऊन ती दोन पेच सैल केली.

*

एकदा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, काठी मोडंल का हो?"

मी म्हणालो, तारा गरजेपेक्षा तिप्पट मजबूत घेतल्यात. पण वाऱ्याचा नेम नसतो. पण तारा अडकवायला कडांना ठोकलेल्या पट्ट्या नव्या आहेत. पण माझं गणितही पुन्हा एकदा तपासायला हवं.

"तुमी डॉक्टर हाव ना? मग नुसतं 'न्हाई' म्हना की."

मला म्हणता आलं नाही.

*

शिरूर अनंतपाळजवळच्या एका तलावात बोट न्यायची होती. पाणी आलं की काठावर चिखल होतो, ट्रॅक्टर आत जात नाही. म्हणून कांबळ्यांनी दुष्काळातच बोट तलावाच्या भेगाळलेल्या तळाशी नेऊन ठेवली आणि डोलकाठी तिथं पुन्हा उभी केली. लक्ष ठेवायला शेजारच्या शेताचे मालक पाटील होते.

पुढच्या रविवारी कांबळे, वहिनी आणि मी जाऊन बघतो तर काठीच्या शेंड्यापासून चार जाड नाडे निघालेले आणि जमिनीत ठोकलेल्या मेखांना आवळलेले!

पाटील खुशीत होते. "साहेब, तुमी तारा बोटीलाच बांधून राहिले. मांडवाचा खांब कोनी मांडवाला बांधतं का? वारं सुटलं की समदं संगंच जाईल."

"समदं संगंच जायला पाहिजे, पाटील," कांबळे म्हणाले. "त्यालाच बोट म्हणतात."

नाडे सोडायला लावले. पाटलांनी सोडले, पण वहिनींकडे बघत, जरा सावकाश.

*

शेवटी पाऊस झाला आणि बोट तरंगली. कांबळे, वहिनी आणि कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब घातलेला मी, असे तिघं निघालो.

शीड भरलं. बोट एका अंगाला कलली आणि खालच्या बाजूची तार लोंबायला लागली.

"सैल झाली!" मी ओरडलो.

"होणारच. आता वाऱ्याकडची धरणार," कांबळे म्हणाले. वाऱ्याकडची तार खरोखर तंबोऱ्यासारखी ताणली होती. काठी जागची हलली नाही. वहिनींचा पदर उडत होता आणि कांबळ्यांचं वय उतरलं होतं.

एखादं शेत ओलांडावं एवढं अंतर गेलो असू. मग बोट थांबली. वारा होता, शीड फुगलेलं होतं, बोट जाईना. हळूहळू नाक फिरवून ती उलटी बघायला लागली.

कांबळ्यांनी वाकून सुकाणूजवळ पाण्यात हात घातला. तिथल्या कडीला नाडा होता. तो पाण्याखालून थेट काठावर गेला होता, आणि काठावर पाटील दुसरीकडे बघत उभे होते.

कांबळ्यांनी खिशातून चाकू काढला. वहिनींकडे बघितलं. वहिनी पदर नीट करत होत्या. चाकू परत खिशात गेला. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या नाड्याच्या टोकाला इकडून तिकडे फिरलो. कांबळे मधूनमधून शिट्टी वाजवत होते.

मी कित्येक वर्षं पाटलांनाच दोष देत आलो. कांबळे गेल्यानंतर अहमदपूरला वहिनींना भेटलो, तेव्हा धीर करून विचारलं.

"नाडा म्याच बांधायला लावला," त्या म्हणाल्या. "मागल्या टायमाला पान्यावर गेले, ते पेन्शन घिऊनच वापस आले."