दादाचा रिकामा पेला

मी नोकरीसाठी मस्कतला निघालो त्या सकाळी दादाने माझी बॅग खांद्यावर घेऊन तीन मजले उतरवली. लोअर परळच्या आमच्या चाळीतला अख्खा मजला गॅलरीत उभा होता. शेजारच्या राणेकाकू म्हणाल्या, "पोचल्यार फोन कर रे." आईने टॅक्सीवाल्याला थांबवून प्रार्थना केली. तोही बिचारा हॉर्न न वाजवता थांबला. दादा मात्र दार लावताना म्हणाला, "विसरू नको असं म्हणत नाही. विसरशीलच. वर्षातून एकदा आईला तोंड दाखव."

मस्कतला मी रुळलो. इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो, कारण सुट्टी तेव्हा. ऑफिस, एसी, सुपरमार्केट, भाड्याच्या हॉलमधली मराठी उपासना. आई आजारी पडली तेव्हा तीन वेळा येतो म्हणालो आणि तीन वेळा रजा पुढे ढकलली. रजा मिळत नव्हती, हे खोटं. मला तिचं आजारी अंग बघायचं नव्हतं, हे खरं. ते मी आज पहिल्यांदा लिहितोय.

ती गेली तेव्हा एस्तेरवहिनीचा फोन आला. मी म्हटलं, पहाटेपर्यंत पोचतो, थांबा. दादा थांबला नाही. त्याच संध्याकाळी शिवडीच्या दफनभूमीत तिला माती दिली. सकाळी मी दारात उभा राहिलो, तेव्हा खोली धुऊन झाली होती. दादा शांतपणे म्हणाला, "तीनदा येतो म्हणालास. तिन्ही वेळा ती दाराकडे तोंड करून झोपली. चौथ्यांदा तिला ताटकळत ठेवणार नव्हतो." मला मूठभर माती टाकता आली नाही. मी चहाही न घेता परत फिरलो आणि ठरवलं, याला हे भोगायला लावायचं.

कसं, ते त्यानेच सुचवलं. आमच्या घरात आईचा एक नियम होता. चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, त्याच्या आदल्या शनिवारी, आपल्याविषयी ज्याच्या मनात काही असेल त्याच्याकडे जायचं, मिटवायचं, मगच रविवारी उठून पुढे जायचं आणि प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा पेला घ्यायचा. लहानपणी दादाच्या चेंडूने राणेकाकूंचे वाळत घातलेले पापड मोडले, तर आईने त्याला कान धरून त्यांच्या दारात उभं केलं होतं. "देव वेदीवर नंतर," ती म्हणायची, "आधी शेजारच्या खोलीत."

महिन्याभराने दादाचा व्हॉइस मेसेज आला. उद्या प्रभुभोजन आहे, तुझ्या मनात माझ्याविषयी काही असताना मी उठून पुढे जाऊ शकत नाही, एकदा झालं गेलं म्हण. मी तो दोनदा ऐकला. उत्तर दिलं नाही. माझ्या हातात काय आलंय ते मला कळलं होतं.

सहा वर्षं मी ते हातात धरून ठेवलं. मध्ये वहिनीने सांगितलं होतं, दादा मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी आहे, शनिवारी तोच भाकर कापतो, रविवारी तोच द्राक्षरस भरतो, आणि सगळे पुढे जातात तेव्हा हा बाकावर बसून राहतो. नंतर पेलेही तोच विसळतो. कोणी विचारलं तर म्हणतो, "भावाचा निरोप यायचाय." हे ऐकून मला आनंद झाला. दर महिन्याला पहिल्या शुक्रवारी मी पुढे जायचो, गुडघे टेकायचो, आणि त्याला तिकडे बसलेला डोळ्यांसमोर आणायचो. तो घोट मला गोड लागायचा. प्रभूच्या मेजावर बसून मी भावाला उपाशी ठेवत होतो.

या महिन्यात रांगेत उभा असताना मनात आलं, देव इथे आहे का? सहा वर्षांत तो मला या हॉलमध्ये एकदाही जाणवला नव्हता. तो असलाच तर परळच्या चर्चमागच्या बेसिनपाशी असेल, ओले पेले पुसायला दादाच्या शेजारी. आईने शिकवलेली ओळख मला इतक्या उशिरा पटली. आणि तरीही राग गेला नाही. देव त्याच्या बाजूला आहे, याचाही राग आला.

मी रांगेतून मागे फिरून खुर्चीवर बसलो. शेजारचे डिसोझा गुडघ्याने ढुशी देत म्हणाले, "उठा की." मी नकारार्थी मान हलवली. घरी येऊन दादाला लिहिलं, "आज मीही बसलो. पण माफ केलेलं नाही."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "मीही नाही. तीनदा का आला नाहीस, ते तोंडावर सांग. भांडायला ये."

सहा वर्षांत पहिल्यांदा मला घर आठवलं. आईची खोली नव्हे, गॅलरी नव्हे. जिथे माझा राग ऐकून घ्यायला आणि माझं खोटं पकडायला कोणीतरी बसलंय, ती जागा. शनिवारी सकाळी उतरतोय. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला आम्ही दोघं उठू की दोघंही बसून राहू, हे मला आज सांगता येत नाही.