इंदूच्या बागेतली पानं

धुळ्याहून निघालेली एसटी नंदुरबारजवळ आली आणि रस्त्याकडेला लाल पथाऱ्या (मिरची वाळवायची मोकळी मैदानं) दिसू लागल्या. मला शिंकांवर शिंका. शेजारची म्हातारी निवांत होती. म्हणाली, "नवा दिसस तू."

माझी मावसबहीण इंदू इथल्याच एका गावात दिलेली. सारं गाव मिरचीवालं. माझी निफाडची बाग पाहून तिनं हट्टानं अर्धा एकर द्राक्ष लावलं. तिचे सासरे, आबा, नाखूश होते. पहिलं पीक गोड निघालं नाही तर बाग उपटायची, असं त्यांनी बजावलं होतं. लागवडीपासून सगळं मी फोनवर सांगत आलो. आता माल काढणीला आला म्हणून तिनं बोलावलं होतं.

बांधावर पोचलो. वेलींना पानं नव्हती. उघडे घड लटकत होते, उन्हाकडचे मणी करपून तपकिरी झालेले.

"पानं कुठंयत, इंदू?"

"काढी टाकात," ती हौसेनं म्हणाली. वीस वर्षांत तिची बोली पार अहिराणी झालीय. "तूच सांगेल व्हतं ना, घडले ऊन लागू दे. मिरची उनमाच लाल व्हस. मंग द्राक्षबी उनमाच पिकी."

सांगितलं होतं खरं. घडाजवळची दोन-चारच पानं काढ, एवढं म्हणायचं राहून गेलं. द्राक्षात गोडी भरतात ती पानंच. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून सांगावंसंच वाटलं नाही. मोठा शहाणा मी.

एक मणी तोंडात टाकला. दात आंबले.

"धा दिन थांबसूत. मंग गोड व्हतीन ना?"

खोटं बोलवेना. "नाही गं. पानंच नाहीत, साखर कुठून येणार?"

तिनं एक करपलेला घड तळहातावर उचलून धरला. मागून आलेले आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "मिरचीनी आम्हले असं कधी फसाडं नही." जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी होती.

निघताना इंदूनं पिशवीत चार घड घातले. पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडायचं नाही, ही तिची रीत. स्टँडवर हळूच विचारलं, "कितला पानं ठेवाले पाहिजे व्हतात?"

"एका घडामागं पंधरा."

"इतलंच?" ती म्हणाली. गाडी सुटली.

परवा तिचा फोन आला. बाग उपटली. मी तेव्हा माझ्या बागेत, गच्च पानांच्या सावलीत उभा होतो.